ब्युनॉस आयरिस : एका दूरच्या राजधानीच्या पेठा

"तुम्ही एवढ्या लांब जाऊन आलात, तर स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या," असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह बरेच दिवस चालू होता. मी टाळाटाळ करीत होते. प्रवासवर्णन लिहावे, तर विमानात काय खाल्ले आणि थंडीसाठी काय नेले याच्या पलीकडे माझी लेखणी जाईल की नाही याची मलाच खात्री नव्हती. परंतु गेल्या महिन्यात मंडळाचे जुने दप्तर लावण्याचे काम माझ्याकडे आले आणि पहिल्या सभेचे इतिवृत्त वाचता वाचता मला त्या दूरच्या शहराची एकाएकी आठवण झाली. ती का झाली, हे लेखाच्या शेवटी सांगेन. आधी शहर पाहू.

माझी धाकटी मुलगी कामानिमित्त अर्जेंटिनाच्या राजधानीत राहत होती. तिच्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरात मी पाच आठवडे राहून आले. ती सकाळी कामावर गेली की मी पायांत बूट चढवून, पर्समध्ये नकाशा घेऊन बाहेर पडे. भाषा येत नव्हती. पण आपण हसून बोट दाखविले की समोरचे माणूसही हसून बोट दाखविते, एवढ्या भांडवलावर मी ते शहर पालथे घातले.

शाळेच्या भूगोलात आपण 'ब्युनॉस आयरिस' असे घोकले. तिथली माणसे 'ब्वेनोस आयरेस' म्हणतात. अर्थ 'चांगले वारे'. शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशांचा सारा जीव वाऱ्यावर असे. त्यांची कैवारी मानल्या गेलेल्या मेरीमातेच्या नावावरून हे नाव पडले. शहर ज्या नदीच्या काठी आहे तिचे नाव 'रिओ दे ला प्लाता', म्हणजे रुप्याची नदी. मी मोठ्या अपेक्षेने ती पाहायला गेले, तो पाणी दुधाच्या चहासारखे तपकिरी! मात्र पात्र एवढे रुंद की पलीकडचा काठ दिसतच नाही. तिकडे उरुग्वे हा दुसरा देश आहे.

हे शहर दोनदा वसले. पेद्रो दे मेंदोसा या स्पॅनिश सरदाराने १५३६ साली पहिल्यांदा तळ दिला. पण उपासमार आणि मूळच्या रहिवाशांशी झालेल्या लढाया यांनी लोक टेकीस आले व १५४१ मध्ये वस्ती उठली. पुढे १५८० साली हुआन दे गाराय याने पुन्हा गाव वसविले आणि बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखून दिले. आजही तिथे कोणाला वाट विचारली तर "इतके चौकोन सरळ, मग इतके उजवीकडे" असेच उत्तर मिळते. माझ्यासारख्या दिशाहीन बाईची त्या गारायने मोठीच सोय करून ठेवली आहे.

शहराचे हृदय म्हणजे 'प्लासा दे मायो', मे महिन्याचा चौक. २५ मे १८१० रोजी इथे लोक जमले, स्पेनच्या राजप्रतिनिधीला पायउतार व्हावे लागले आणि स्थानिकांचे सरकार आले, म्हणून हे नाव. पुढे ९ जुलै १८१६ रोजी तुकुमान गावी स्वातंत्र्याची रीतसर घोषणा झाली. चौकाच्या एका टोकाला राष्ट्राध्यक्षांची कचेरी आहे. तिचा रंग गुलाबी, म्हणून नावच 'कासा रोसादा', गुलाबी वाडा. चुन्यात बैलाचे रक्त मिसळून तो रंग करीत, अशी आख्यायिका लोक हौसेने सांगतात. समोरच्या टोकाला 'काबिल्दो', म्हणजे स्पॅनिश अमदानीतील नगरसभेची पांढरी इमारत. तिला पूर्वी ११ कमानी होत्या. रुंद रस्ते काढण्यासाठी १८८९ मध्ये एका बाजूच्या आणि १९३१ मध्ये दुसऱ्या बाजूच्या कमानी पाडल्या, आता ५ उरल्या आहेत. ज्या इमारतीत देशाचा जन्म झाला तिचेच दोन्ही हात रस्त्यासाठी तोडावे, हे वाचून मला नवल वाटले. मग आपल्याकडच्या रस्तारुंदीची आठवण झाली आणि नवल ओसरले.

चौकाच्या मध्यभागी १८११ साली उभारलेला एक छोटासा मनोरा आहे. त्याला ते 'पिरॅमिड' म्हणतात. त्याच्याभोवतीच्या फरशीवर पांढऱ्या रंगात डोक्याच्या रुमालांची चित्रे काढलेली आहेत. पहिल्या दिवशी मी ती तुडवीतच गेले. कशाची आहेत हे कळल्यावर पुढे कधी त्यांच्यावर पाय दिला नाही. त्या रुमालांकडे आपण शेवटी परत येऊ.

चौकातून भुयारी रेल्वे सुटते. तिचा पहिला मार्ग १ डिसेंबर १९१३ रोजी सुरू झाला. दक्षिण अमेरिकेतील ती पहिली भुयारी रेल्वे. लाकडी डबे २०१३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, धावत होते. वर जमिनीवर 'आवेनिदा दे मायो' हा झाडीचा रस्ता आहे. त्याच्यावर १८५८ साली स्थापन झालेले तोर्तोनी नावाचे कॉफीगृह आहे. थोडे पुढे गेले की सुमारे १४० मीटर रुंदीचा '९ जुलै' रस्ता लागतो. तो एका सिग्नलमध्ये ओलांडणे मला पाच आठवड्यांत एकदाच साधले. त्याच्या मध्यभागी शहराच्या पहिल्या स्थापनेला ४०० वर्षे झाली म्हणून १९३६ साली उभारलेला ६७ मीटरांहून उंच ओबेलिस्क आहे.

परंतु भगिनींनो, स्मारके सगळ्याच राजधान्यांत असतात. शहर कळायचे तर त्याच्या पेठांतून हिंडावे.

चौकाच्या दक्षिणेला सान तेल्मो नावाची जुनी पेठ आहे. दगडी फरशीचे रस्ते, लोखंडी कठड्यांचे सज्जे आणि चौकाभोवती खोल्या असलेले एकामागे एक तीन-तीन चौकांचे वाडे. पूर्वी इथे श्रीमंतांची घराणी राहत. १८७१ साली शहरात पिवळ्या तापाची साथ आली. जेमतेम पावणेदोन-दोन लाखांच्या वस्तीत काही महिन्यांत सुमारे १४,००० माणसे दगावली. हा ताप डासांमुळे होतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते निर्विवाद सिद्ध व्हायला १९०० साल उजाडले. ज्यांना शक्य होते त्यांनी दक्षिणेच्या पेठा सोडून उत्तरेकडे घरे बांधली. पुरायला जागा उरली नाही म्हणून चाकारिता येथे नवी दफनभूमी काढावी लागली. आज उत्तर भाग श्रीमंत व दक्षिण भाग गरीब असे जे दिसते, त्यात त्या एका वर्षाचा वाटा मोठा आहे.

मग त्या रिकाम्या वाड्यांचे काय झाले? इटली, स्पेन आणि इतर देशांतून त्याच सुमारास आगबोटी भरभरून माणसे येऊ लागली होती. मालकांनी वाड्यातील एकेक खोली एकेका कुटुंबाला भाड्याने दिली. एक चौक, एक नळ, सामाईक संडास आणि प्रत्येक दारात एक शेगडी. त्याला ते 'कोन्वेंतियो' म्हणतात. मुलगी मला तो शब्द समजावून सांगू लागली, मी म्हटले, "अगं, समजावतेस काय? वाड्याची चाळ झाली!" बिऱ्हाडकरू बाई कुठल्याही देशाची असली तरी तिचे नळावरचे भांडण आणि अडीअडचणीला शेजारणीला दिलेली वाटीभर साखर ही सारखीच असणार.

या चाळींत १९०७ साली जे घडले ते प्रत्येक महिला मंडळाने वाचावे असे आहे. कर वाढणार या सबबीवर घरमालकांनी भाडी वाढविली. ऑगस्ट महिन्यात एका चाळीने भाडे देण्याचे नाकारले आणि बघता बघता शहरभर हजारो खोल्यांतील लोकांनी भाडे थांबविले. मागणी अशी की भाडे शेकडा ३० ने उतरवा, खोल्यांची डागडुजी करा. पुरुष दिवसा गोदीवर आणि कारखान्यांत. चाळीत असत त्या बायका. तेव्हा दाराशी आलेल्या पोलिसांना आणि जप्तीवाल्यांना तोंड त्यांनीच दिले. भर थंडीत त्यांच्या अंगावर आगीच्या बंबांतून पाणी सोडण्यात आले. बायका आणि मुले हातांत केरसुण्या घेऊन ला बोका आणि सान तेल्मोच्या रस्त्यांतून मिरवणुकीने निघाली, घरमालकांचा अन्याय झाडून काढायला! म्हणून त्या लढ्याला 'केरसुण्यांचा संप' असेही नाव पडले. त्यात एक तरुण मुलगा गोळीला बळी पडला. काही मालकांनी भाडी उतरविली, बहुतेकांनी संप ओसरल्यावर पुन्हा चढविली. परदेशांत जन्मलेल्या कित्येक पुढाऱ्यांना देशाबाहेर घालविण्यात आले. तेव्हा संप जिंकला असे म्हणता येणार नाही. पण लक्ष्मीपूजनाला ज्या केरसुणीला आपण हळदकुंकू वाहतो, तिचा असाही उपयोग होतो हे मला तिथे समजले. त्या मिरवणुकीची छायाचित्रे आहेत. छायाचित्रांत चेहरे आहेत. त्यांतल्या बहुतेक बायकांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत. हे ध्यानात ठेवावे.

सान तेल्मोच्या दक्षिणेला रिआचुएलो नदीच्या मुखाशी ला बोका ही पेठ. 'बोका' म्हणजे तोंडच. इथे इटलीतील जिनोआचे खलाशी व गोदीकामगार राहत. लाकूड आणि नालीदार पत्रा यांची घरे बांधायची आणि जहाजे रंगवून उरलेला रंग त्यांना द्यायचा. एक रंग पुरला नाही की दुसरा. त्यामुळे एकाच घराला निळी भिंत, पिवळी खिडकी आणि तांबडे दार! गरिबीतून आलेली ही रंगसंगती पाहायला आता जगभरचे लोक येतात. त्यांतली 'कामिनितो' ही गल्ली १९५९ साली उघड्यावरचे संग्रहालय म्हणून जाहीर झाली. यामागे बेनितो किंकेला मार्तिन या चित्रकाराचे श्रम होते. १८९० साली तान्हेपणी अनाथाश्रमाच्या दाराशी ठेवलेले हे मूल. कोळशाचा धंदा करणाऱ्या एका गरीब जोडप्याने त्याला सांभाळले. मोठेपणी चित्रांनी पैसा मिळाला तेव्हा त्याने आपल्या पेठेला शाळा आणि चित्रसंग्रहालय अशा देणग्या दिल्या. ज्याला जन्मदात्यांनी सोडून दिले, त्याचे नाव आज त्या पेठेत घरोघरी आहे.

आता उत्तरेला रेकोलेता पेठेत येऊ. इथे पॅरिसच्या धर्तीची घरे आहेत, आणि १८२२ साली सुरू झालेली प्रसिद्ध दफनभूमीही आहे. चार हजारांहून अधिक संगमरवरी समाधिगृहे, त्यांच्यामध्ये गल्ल्या, कोपरे, चौक. जणू मृतांसाठी वसविलेली एक स्वतंत्र पेठच. सगळ्यांचे पाय वळतात ते एका अरुंद गल्लीतील काळ्या दगडाच्या साध्या समाधीकडे. तिथे एव्हा पेरोन आहेत. राष्ट्राध्यक्षांची ही पत्नी एका खेड्यात, लग्नाबाहेरच्या संबंधातून जन्मलेली. १९४७ साली अर्जेंटिनाच्या स्त्रियांना मताचा अधिकार देणारा कायदा झाला, त्यामागे तिचा जोर होता. ११ नोव्हेंबर १९५१ रोजी स्त्रियांनी देशाच्या निवडणुकीत प्रथम मत दिले, तेव्हा ती कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली होती. मतपेटी रुग्णालयात तिच्या खाटेशी नेली. २६ जुलै १९५२ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती वारली. १९५५ मध्ये पेरोन यांची सत्ता उलथल्यावर लष्कराने तिचा मृतदेहही पळविला आणि इटलीत मिलानमध्ये खोट्या नावाने पुरला. तो १९७१ मध्ये तिच्या पतीच्या स्वाधीन झाला आणि १९७६ साली इथे आला. मेलेल्या बाईच्या नावाची सुद्धा सत्तेला केवढी धास्ती! आज त्या दारावर पाटी आहे ती 'दुआर्ते कुटुंब' अशी, म्हणजे ज्याने तिच्या आईशी कधी लग्न केले नाही त्या बापाच्या आडनावाची.

तिथले लोक तिला देवी मानणारे आणि तिचे नावही न काढणारे असे दोन्ही प्रकारचे भेटतात. त्या वादात मी पडत नाही. मात्र मताधिकाराचे श्रेय तिच्या एकटीचे नाही, हे मुलीच्या शेजारीणबाईंनी मला आवर्जून सांगितले. हुलिएता लांतेरी या डॉक्टरीणबाईंनी १९११ सालीच शहराच्या निवडणुकीत मत दिले होते. मतदारयादीच्या नियमांत 'पुरुष' असा शब्द घालायला कोणी विसरले होते, ते बाईंनी बरोबर हेरले! पुढे देशाच्या मतदारयाद्या लष्करी नोंदींवरून होऊ लागल्या, तेव्हा "मग मलाही लष्करात नोंदवा" असा अर्ज त्यांनी केला.

उत्तरेला आणखी पुढे पालेर्मोची उद्याने. नोव्हेंबर म्हणजे तिथला वसंत. रस्तोरस्ती नीलमोहर फुललेला. पायांखाली निळा सडा पाहून परक्या मुलुखात एकदम ओळखीचे कोणी भेटावे तसे वाटले. शहराबाहेर सान इसिद्रो या उपनगरात मी मुद्दाम गेले, कारण तिथे आपल्या रवींद्रनाथांचे पाय लागले आहेत. १९२४ च्या नोव्हेंबरात पेरूला जाताना ते या शहरी उतरले आणि आजारी पडले. व्हिक्तोरिया ओकाम्पो या लेखिकेने त्यांच्यासाठी नदीकाठचे एक घर भाड्याने घेतले व सुमारे दोन महिने त्यांची शुश्रूषा केली. रवींद्रनाथांनी तिला 'विजया' म्हटले आणि १९२५ मधील 'पूरबी' हा कवितासंग्रह तिला अर्पण केला. आपल्याकडे ती एवढ्यापुरतीच ठाऊक असते. पण १९३१ साली तिने 'सूर' हे नामांकित नियतकालिक काढले, १९३६ मध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी संस्था उभारली, १९५३ मध्ये पेरोन राजवटीत तुरुंगवास सोसला आणि आपले राहते घर युनेस्कोला दिले. बाईची ओळख थोर पुरुषाच्या चरित्रातील तळटीप म्हणून उरते, ही रीत दोन्ही गोलार्धांत सारखीच.

म्हणूनच मला सर्वांत जवळची वाटली ती पुएर्तो मादेरो ही पेठ. मूळचे हे बंदर. १८९७ साली ते पुरे झाले आणि दोन-तीन दशकांतच मोठ्या जहाजांना अपुरे पडू लागले. तांबड्या विटांची गोदामे ओस पडली. १९८९ नंतर त्यांची डागडुजी होऊन तिथे नवी वस्ती झाली. नव्या वस्तीत नवे रस्ते, आणि त्या रस्त्यांना नावे दिली ती सगळी स्त्रियांची! हुलिएता लांतेरी रस्ता आहे, व्हिक्तोरिया ओकाम्पो रस्ता आहे. सेसिलिया ग्रिअर्सन रस्ता आहे. १८८९ साली पदवी घेतलेल्या त्या अर्जेंटिनातील पहिल्या डॉक्टरीणबाई, म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशींच्या मागून तीनच वर्षांनी. पाण्यावरच्या पादचारी पुलालाही 'स्त्रीचा पूल' असे नाव आहे. तो २००१ साली झाला. जवळच लोला मोरा या शिल्पकार बाईने घडविलेले संगमरवरी कारंजे आहे. १९०३ साली ते शहराच्या मध्यभागी बसविले, तेव्हा त्यातील जलदेवतांच्या नग्नतेवरून एवढा गहजब झाला की १९१८ मध्ये ते नदीकाठी दूर नेऊन ठेवले. आज ती जागा सर्वांत रमणीय आहे!

त्याच पेठेत आसुसेना व्हिजाफ्लोर या नावाचा रस्ता लागला. ही कोण, असे मुलीला विचारले. ती म्हणाली, "आई, गुरुवारी दुपारी आपण मे चौकात जाऊ."

१९७६ च्या मार्चात अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. हजारो तरुण मुलेमुली घरांतून, रस्त्यांतून उचलून नेण्यात आली आणि परत आली नाहीत. त्यांना 'नाहीसे झालेले' म्हणत. मानवी हक्कांच्या संघटना त्यांचा आकडा ३०,००० सांगतात. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून थकलेल्या १४ आया ३० एप्रिल १९७७ रोजी मे चौकात जमल्या. पोलिसांनी दरडावले की घोळका करायचा नाही, चालत राहा. तेव्हा त्या दोघी-दोघी हातात हात घालून पिरॅमिडभोवती चालू लागल्या. एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला तान्ह्या मुलांच्या लंगोटाचा पांढरा कपडा बांधला. फरशीवर रंगविलेले रुमाल ते हेच.

आसुसेना ही त्यांची पुढारी. कारखान्यात नोकरी केलेली, चार मुलांची आई. १० डिसेंबर १९७७ रोजी नाहीशा झालेल्यांच्या नावांची यादी आयांनी जाहिरात देऊन वर्तमानपत्रात छापविली. त्याच सकाळी, तो अंक आणायला घराबाहेर पडलेल्या आसुसेनाला उचलून नेले. त्या दिवसांत तिच्याबरोबरच्या आणखी दोन आयाही गेल्या. त्यांना विमानातून समुद्रात टाकण्यात आले. लाटांनी देह किनाऱ्यावर आणले, ते बेवारस म्हणून पुरले गेले. खुणेला नाव नाही. २००५ साली शास्त्रज्ञांनी अवशेषांची ओळख पटविली आणि आसुसेनाची रक्षा मे चौकात पिरॅमिडच्या पायथ्याशी पुरण्यात आली. लष्करी राजवट १९८३ मध्येच गेली होती. पण आयांनी गुरुवारची फेरी सोडली नाही.

मी पाहिली त्या गुरुवारी साडेतीनला काही म्हाताऱ्या बाया पांढरे रुमाल बांधून आल्या. कोणी काठी टेकीत, कोणी चाकाच्या खुर्चीत. मागे तरुण मुले. फेरी चालू असताना एकेक नाव पुकारले जाई आणि सगळे जण मिळून एकच शब्द म्हणत, 'प्रेसेंते', म्हणजे 'हजर'. भाषा येत नसूनही दुसऱ्या फेरीपासून मी तो शब्द म्हणू लागले. शाळेतल्या हजेरीसारखाच तो उच्चार, पण माझा आवाज फुटेना.

आता दप्तराची गोष्ट. आपल्या मंडळाच्या पहिल्या सभेला ११ जणी हजर होत्या, असे इतिवृत्तात आहे. खाली नावे आहेत ती अशी : 'सौ. अमुक', 'सौ. तमुक', 'श्री. अमक्यांच्या मातुःश्री'. सगळी आडनावे. शिवणयंत्र घेण्यासाठी दारोदार वर्गणी मागणाऱ्या, पहिली दोन वर्षे स्वतःच्या ओसरीवर बालवाडी चालविणाऱ्या या बायकांना स्वतःचे एकही नाव त्या कागदावर नाही. मी चौकशी केली. ७ जणींची नावे मिळाली, ४ जणींची अजून मिळाली नाहीत. त्या चौघींना कोणी पळविले नव्हते, कोणी छळले नव्हते. त्यांची नावे आपण नुसती विचारली नाहीत. लिहायला संकोच वाटतो, पण सांगते : त्या चौघींपैकी एक माझ्या नवऱ्याच्या थोरल्या काकू. बारा वर्षे मी त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला, त्यांना 'मोठ्या काकू' म्हटले. त्यांचे नाव काय, हे मला आजही सांगता येत नाही.

तेव्हा मंडळाच्या सभासदांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पहिल्या वर्षाचे छायाचित्र वर्धापनदिनी सभागृहात लावले आहे. त्यात आपली आई, आजी, सासू, शेजारीण कोणाला ओळखू आली, तर तिचे स्वतःचे नाव, माहेरचे आणि सासरचे, दोन्ही, खाली ठेवलेल्या वहीत लिहावे. कोणाला मोठ्या काकूंचे नाव ठाऊक असेल तर मला घरी येऊन सांगितले तरी चालेल. पुढील सभेत आपण ती अकरा नावे मोठ्याने वाचू. 'हजर' म्हणायला आपण आहोतच.